बीटीची भाकरी

बीडहून परतल्यापासून चिपळुणात जो भेटतो तो एकच विचारतो, "बीडला? तिथं काय बघायला गेला होतात?" मी सांगते, कापूस बघायला. मग समोरचा असा चेहरा करतो, की निवृत्तीनंतर बाईंच्या डोक्यावर जरा परिणाम झालेला दिसतोय. झालाय खराच. पण तो जाण्याआधी नव्हता, तिकडून येताना झाला.

कनिष्ठ महाविद्यालयात मी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. 'जनुकीय बदल केलेली पिके' हा धडा माझा विशेष लाडका. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलं की बोंडअळी कशी मरते, हे मी फळ्यावर इतकं रंगवून सांगायची की पोरांना अळीची दया यायची. मग यायचा अ जीवनसत्त्व घातलेला पिवळा तांदूळ. दरवर्षी कोणीतरी विचारायचंच, "मॅडम, तो खाल्ला की आपण पण पिवळे होतो का?" सगळा वर्ग हसायचा, मीसुद्धा हसायची. हे सगळं शिकवलं, पण कपाशीचं झाड मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्या कोकणात कापूस म्हणजे वातीपुरता.

त्यामुळे शोभाचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. शोभा माझी हॉस्टेलमधली मैत्रीण. एकाच खोलीत राहून आम्ही बी.एस्सी. केलं, वनस्पतिशास्त्र घेऊन. लग्न होऊन ती नेकनूरजवळच्या वस्तीवर गेली ती तिथलीच झाली. तिच्या सुनेचं, पल्लवीचं, डोहाळजेवण होतं. "नंदे, कापूस फुटलाय, सीताफळं आलीत, ये आता," म्हणाली. मी खोबऱ्याच्या वड्यांचा मोठा डबा भरला आणि निघाले.

बीड

एस.टी. स्टँडवर शोभाचा मुलगा महेश घ्यायला आला होता. तो बीडला एका कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो, म्हणजे आमचं गोत्र एकच. वाकून पाया पडला, पिशवी घेतली आणि आधी मला स्टँडबाहेरच्या गाड्यावर कांदाभजी खायला घेऊन गेला. गरम, खमंग, सोबत तळलेली मिरची. मी दुसरी प्लेट मागवली.

"मावशी, आवडली ना? सरकीच्या तेलातली हायत."

माझा घास तिथेच थांबला. सरकी म्हणजे कापसाचं बी. आणि आपल्या देशातला बहुतेक कापूस बीटी, म्हणजे तेच जिवाणूचं जनुक घातलेला. 'जनुकीय बदल केलेलं अन्न अजून आपल्या ताटात नाही' असं मी वर्गात छाती ठोकून सांगत आले, आणि हे काय! महेश म्हणाला, "तुमच्या चिपळूणच्या फरसाणात काय असतंय वाटतं तुमाला?" परत आल्यावर पहिलं काम मी तेच केलं, घरातल्या फरसाणाच्या पाकिटाची मागची बाजू वाचली. काय सांगू, कपाळाला हात लावला. रिफाइंड तेलात ते जनुकाचं प्रथिन जवळजवळ उतरत नाही, घाबरण्यासारखं काही नाही, हे मला ठाऊक आहे. पण जन्मभर जे आपण खात नाही असं शिकवलं, तेच खात होते. धक्का त्याचा होता.

रिक्षात महेशचा आवाज जरा उतरला. पल्लवीच्या अंगात रक्त फार कमी आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, बाळंतपणापर्यंत वाढलं नाही तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका आहे. गोळ्या चालू आहेत, पण पोटात खाणंही तसं जायला हवं. "म्हणून मी औंदा पेरणीच्या टायमालाच लोहवाल्या बाजरीचं बी आणलं," तो म्हणाला. "कापसाच्या बियाण्याबरोबरच."

या बाजरीबद्दल मी वाचलं होतं. दाण्यात लोह जास्त. आणि तिच्यात जनुक-बिनुक घातलेलं नाही, चांगली कणसं निवडून निवडून साध्या पद्धतीनं तयार केलेली. घरचंच बी पुन्हा पेरता येतं. म्हटलं, जावयाचे लाड करावेत तसे या पोरानं बायकोचे केलेत. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

नेकनूरजवळची वस्ती

मांजरसुंब्याचा घाट चढला आणि दोन्ही बाजूंना कापूस सुरू झाला. मी रिक्षा थांबवायला लावली आणि शेतात शिरले. फुटलेलं बोंड हातात घेतलं तर कडेच्या सुकलेल्या टोकानं बोट चिरलं. फळ्यावर इतकी बोंडं काढली, ती टोचतात हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. वेचणाऱ्या बायका माझ्याकडे बघून खुदुखुदू हसत होत्या. एकीनं विचारलं, "पैल्यांदा बघता का काय, बाई?" मी हो म्हटल्यावर तिला ते खरंच वाटेना.

शोभानं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मिठी मारली. हॉस्टेलात माझ्यापेक्षा शुद्ध बोलणारी ही बाई आता 'लई' आणि 'कावून' शिवाय बोलत नाही. घर स्लॅबचं, पुढं पत्र्याचा गोठा, त्यात म्हैस सरकीची पेंड खात उभी. खोबऱ्याच्या वड्या बघून शोभा खूश झाली, पण डबा घेतला आणि फडताळात सगळ्यात वर, भांड्यांच्या मागे सरकवून ठेवला. मला जरा नवल वाटलं.

जेवायला येसरची आमटी होती. डाळी-धान्यं भाजून दळलेल्या मसाल्याची, झणझणीत. आमच्याकडे असल्या तिखटावर सोलकढी देतात, इथं वर आणखी ठेचा वाढतात. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सगळ्यांना फार आनंद झाला. सोबत बाजरीची गरम भाकरी, तिच्यावर लोणी. नवी बाजरी, तीच लोहवाली. शोभाच्या ताटात भाकरी, तिच्या नवऱ्याच्या ताटात भाकरी, महेशच्या ताटात भाकरी. पल्लवीच्या ताटात मात्र गव्हाच्या दोन पांढऱ्या पोळ्या.

मी पल्लवीकडे नीट बघितलं. गोरीपान पोर, पण ओठ आणि नखं फिकट पडलेली. "अगं, तुला भाकरी आवडत नाही का?" मी विचारलं. तिनं सासूकडे बघितलं. महेश आमटीत बघत राहिला. शोभा म्हणाली, "तिला न्हाई देत आमी."

दुपारी शोभा मला कापूस दाखवायला बांधावर घेऊन गेली तेव्हा मी विषय काढला. ज्या पोरीसाठी आणली तिलाच बाजरी का नाही?

"अगं, ती बीटीची हाय ना."

तेव्हा कळलं, इकडे दुकानातून पाकिटात आलेलं कुठलंही बी म्हणजे बीटी. मग काय, माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी बांधावर उभी राहून तासच घेतला. ही बीटी नव्हे, हिच्यात जनुक घातलेलं नाही, आणि असतं तरी घाबरायचं कारण नव्हतं. उलट बीटीची पेंड तुझी म्हैस खाते, तिचं दूध तू सुनेला रोज पाजतेस. शोभानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते समदं मला कळतंय गं. मीबी तेच शिकलेय. पण बीटी खाल्ली की बेटी होती."

मी हसले. चांगली मोठ्यानं हसले. वाटलं, कोटी केली हिनं, हॉस्टेलात करायची तशी. पण ती हसत नव्हती.

"काय म्हणालीस?"

"बीटी खाल्ली की पोरगी होती. वस्तीवर दोघी जणींना झाली."

"आणि तुम्ही सगळे खाता ते?"

"आमाला काय आता पोरं व्हायचीत का?"

शप्पथ सांगते, जिच्या वहीवरून मी वनस्पतींचं वर्गीकरण पाठ केलं ती ही बाई. जिवाला धोका आहे असं डॉक्टर सांगतेय, औषध घरात कणगीत भरून ठेवलंय, आणि ते फक्त जिला हवं तिला सोडून बाकी सगळे चवीनं खातायत. संध्याकाळी मी महेशला गाठलं.

"तू क्लासमध्ये लिंगनिश्चिती शिकवतोस ना? मुलगा की मुलगी हे बापाकडून येतं, हे?"

"शिकवतो की. हमखास प्रश्न असतोय त्याच्यावर."

"मग आईला सांग!"

"मावशी," तो अगदी गरीब चेहरा करून म्हणाला, "आईला कुठं परीक्षा द्यायचीय?"

नेकनूरची गिरणी

असलं खूळ येतं कुठून, ते बघायचंच असं मी ठरवलं. शोभा म्हणाली, समद्यात आधी रशीदभाईच्या गिरणीत ऐकलं. म्हणून दुसऱ्या दिवशी दळणाचा डबा मांडीवर घेऊन मी नेकनूरला गेले. बाजाराचा दिवस होता. गिरणीपर्यंत पोचेतो शेळ्या, कोंबड्या आणि सीताफळाच्या पाट्यांतून वाट काढावी लागली, आणि एका शेळीनं माझ्या ओढणीचं टोक खाल्लं. तिची मालकीण म्हणाली, "ती तसल्याच रंगाची खाती," जणू चूक माझ्या ओढणीचीच.

रशीदभाई डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरे झालेले. मी बीटी-बेटीचं विचारलं आणि त्यांनी गिरणी बंद करून दोन्ही कान धरले.

"तोबा, तोबा! बाई, तुमाला काय सांगू. मी उर्दू शाळेत शिकलो. गावरान बाजरी अन् ही नवी मिसळू नये म्हणून डब्यावर खडूनं लिवतो. उर्दूत बीटी कसं लिवायचं? बे, ये, टे, ये. अन् बेटी कसं लिवायचं? बे, ये, टे, ये!"

"म्हणजे दोन्ही सारखंच?"

"तेच अक्षर, बाई! माझी बायको आली, डबा उचलला अन् समद्या बायांसमोर वरडली, 'ये बेटी का डब्बा किसका है?' बाया लई हसल्या. मीबी हसलो. ज्या बाईचा डबा हुता तिला पुढच्या महिन्यात पोरगी झाली. मग आणखी एकीला झाली. झालं!"

"आणि ज्यांना मुलगा झाला, त्यांचे डबे?"

"त्यांचा डबा कोण ध्यानात ठेवतंय?"

मी पिठाच्या पोत्यावर बसकण मारली. किती वर्षं खपून कुणीतरी दाण्यात लोह आणलं असेल, ते शेतातून घरापर्यंत आलं, आणि एका खडूच्या अक्षरावरून ताटात पडायचं राहिलं. रशीदभाईंना मी म्हटलं, तुम्ही लोकांना सांगत का नाही?

"सांगितलं की. म्हणत्यात, धंद्यासाठी सांगतोय." मग डोकं खाजवत म्हणाले, "माझ्या तीन पोरी हायत, बाई. त्या टायमाला कुठं हुती बीटी?"

डोहाळजेवण

अंगणात मांडव घातला होता. पल्लवीला हिरवी साडी, फुलांचा मुकुट, फुलांचंच धनुष्य. आमच्याकडे होतं तसंच सगळं, फक्त गाण्यांचे शब्द वेगळे आणि आवाज चढा. शेवटी वाट्या आल्या. झाकलेल्या दोन वाट्या, एकीत पेढा आणि एकीत बर्फी. पेढा निघाला की मुलगा, बर्फी निघाली की मुलगी. गंमत असते ती, आम्हीही करतो. पल्लवीनं डावीकडची वाटी उघडली. पेढा! बायकांनी एकच गलका केला.

तेवढ्यात मी पुढे वाकून तिला खणानारळ द्यायला गेले, आणि माझा कोपर लागून दुसरी वाटी कलंडली. तिच्यातून पेढा घरंगळत पाटाखाली गेला.

दोन्ही वाट्यांत पेढा. कुणीतरी फिसकन हसलं, कुणी "अगं बया" म्हणालं, आणि लगेच घाईघाईनं गाणं सुरू केलं. पल्लवी त्या पेढ्याकडे बघत होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. खोबऱ्याच्या वड्या भांड्यांमागे का लपवल्या तेही मला तेव्हाच उमगलं. त्या बर्फीसारख्या दिसतात.

मी शोभाला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "लाज नाही वाटत? वाटीतसुद्धा पोरीला जागा नाही तुझ्याकडे?" बोलायचं ते सगळं बोलले. ती चुलीपाशी भिंतीला टेकून उभी होती.

"झालं बोलून?" ती म्हणाली. "महेशच्या आधी मला दोन पोरी झाल्या, नंदे. दुसरीच्या टायमाला सासूनं बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकलं न्हाई. मी पोरीला वाईट म्हणत न्हाई गं. पोरीच्या आईला काय काय ऐकावं लागतं ते मला म्हाईत हाय. ते हिच्या वाट्याला नगं."

"आणि ही बाळंतपणात गेली तर?"

बाहेरून कुणीतरी हळदीकुंकवाचं विचारलं, तशी शोभा डोळे पुसून निघून गेली.

कपिलधार

निघायच्या आदल्या दिवशी महेशनं मला आणि पल्लवीला कपिलधारला नेलं. पाऊस सरून गेल्यानं धबधबा बारीक झाला होता, पण डोंगराच्या कुशीतली ती गार, ओली जागा मला एकदम घरची वाटली. महेश तिथल्या मंदिरात दर्शनाला गेला. आम्ही दोघी झाडाखाली बसलो. पल्लवीनं पिशवीतून डबा काढला आणि उघडला. आत बाजरीची भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी.

मी तिच्याकडे बघतच राहिले. "हे काय?"

"भाकरी. रोज खाते मी, मावशी. आतमधी, उभ्यानं. मग सगळ्यांसमोर बसून पोळी." तिनं घास मोडला. "भाकरी मीच थापते ना. कोण मोजतंय?"

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी तिच्या पाठीवर थाप मारली. "शाबास! डॉक्टरांनी सांगितलं लोहाचं, ते तू मनावर घेतलंस. नाहीतर ते खूळ!"

"लोहाचं न्हाई." ती भाकरीकडे बघत म्हणाली. "मला पोरगीच पाहिजे. म्हणून खाते."

मी पुन्हा चाट. या घरात मला दर जेवणाला एक धक्का मिळत होता. मी म्हटलं, "अगं, बाजरीनं मुलगी होत नसते. ते तुझ्या नवऱ्याकडून..."

"यांनी शिकवलंय मला. म्हाईत हाय." मग भाकरीला चटणी लावत म्हणाली, "पण लग्न झाल्यापासून समदे म्हणतेत आमाला पोरगा पाहिजे. मला कुणी इचारलंच न्हाई. मग मी आपलं खाऊनच सांगते."

समोर पाणी पडत होतं. मी तोंड उघडलं होतं, पूर्ण तास घ्यायच्या तयारीनं. गुणसूत्रं, संभाव्यता, सगळं जिभेवर आलं होतं. आणि मग वाटलं, हिनं माझं ऐकलं आणि उद्यापासून भाकरी सोडली तर? वर्गात एकाही पोराची शंका मी कधी तशीच सोडली नाही. त्या दिवशी सोडली.

"खा," मी म्हटलं. "दोन खात जा. आणि गोळ्या चुकवू नकोस."

चिपळूण

परत आल्यावर मी रोज कॅलेंडर बघायची. मध्ये एकदा शोभाचा फोन आला, रक्त वाढलंय, तिच्या मते काळ्या मनुकांमुळे. मी बरं म्हटलं. गोळ्याही होत्याच, त्यामुळे सगळं श्रेय बाजरीला द्यायला मीही तयार नाही.

मग एका सकाळी फोन वाजला.

"झाली," शोभा म्हणाली. "पोरगी. दोघी बऱ्या हायत." तिचा आवाज फाटत होता. "लई रक्त गेलं, नंदे. डॉक्टरीणबाई म्हणल्या, अंगात हुतं म्हणून निभावलं, न्हाईतर अवघड हुतं."

मी खुर्ची ओढून बसले.

"ती बाजरी खायची. चोरून. आज सांगितलं मला तिनं," शोभा म्हणाली.

आता ही म्हणणार, बघ, मी सांगत नव्हते? मी भांडणाच्या तयारीनं श्वास घेतला.

"मी इचारलं, कावून खाल्ली गं? तर म्हणली, मला पोरगी पाहिजे हुती." एवढं बोलून शोभा रडायलाच लागली. "नंदे, मी पोरगी म्हणून जल्माला आले, दोन पोरींना जल्म दिला, पण पोरगी पाहिजे हुती असं कुणी म्हणलेलं मी ह्या जल्मात ऐकलं न्हाई गं."

आम्ही दोघी दोन टोकांना नुसत्या रडत होतो.

"शोभे, बीटीनं बेटी होत नाही," मी शेवटी म्हटलंच. सवय जात नाही.

"म्हाईत हाय, मास्तरीणबाई," ती नाक ओढत म्हणाली. "बारशाला ये. अन् येताना त्या खोबऱ्याच्या वड्या जास्तीच्या आण. बर्फी म्हणून समद्या वस्तीत वाटायच्या हायत."